मादाम, दामोदर आणि अर्धा डझन चरित्रं

मुंबईत ऑपेरा हाउसजवळ फ्रेंच ब्रिजवर ‘ब्लॅव्हॅट्स्की लॉज’ नावाची इमारत आहे. लहानपणी सुट्टीत गिरगावात मामाकडे जायचो तेव्हा ते नाव वाचून मला वाटायचं, हे रशियन लोकांचं लॉजिंग-बोर्डिंग असणार. मामाला विचारलं तर म्हणाला, "ते थिऑसॉफीवाले. भुताखेतांचं काहीतरी." झालं. पुढची पंधरा-वीस वर्षं माझं या विषयातलं ज्ञान एवढंच होतं. (मामाची बरीचशी उत्तरं अशीच असायची, आणि वैताग म्हणजे ती अगदीच चुकीची नसायची.)

गेल्या वर्षभरात मात्र या बाईंवरची अर्धा डझन पुस्तकं वाचून काढली. ऑफिसातले लोक विचारतात, "हे काय नवीन? तू पण त्या लाइनला लागलास का?" नाही बाबा. त्यामागे एक कारण आहे, ते पुढे येईलच. आधी बाई कोण ते सांगतो.

हेलेना पेट्रोव्हना ब्लॅव्हॅट्स्की. जन्म १८३१चा, आजच्या युक्रेनमधल्या द्नीप्रो शहरातला, चांगल्या खानदानी घरात. १८४९ साली, वयाची अठरा पूर्ण व्हायच्या आत, एरिवानच्या उपगव्हर्नरशी लग्न. काही महिन्यांतच नवऱ्याला सोडून पसार. त्यानंतर १८७३ साली न्यूयॉर्कला उतरेपर्यंतची जवळजवळ चोवीस वर्षं म्हणजे चरित्रकारांच्या दृष्टीने निव्वळ भोकं पडलेली लॉग फाइल. तिचं स्वतःचं म्हणणं की मी जगभर फिरले, तिबेटात महात्म्यांपाशी शिकले. विरोधकांचं म्हणणं की कुठली तिबेट नि कसलं काय. पुरावा म्हणावा असा कागद फार थोडा. मग १८७५मध्ये कर्नल हेन्री ऑलकॉटबरोबर न्यूयॉर्कात थिऑसॉफिकल सोसायटी, १८७७मध्ये ‘आयसिस अनव्हेल्ड’ हा भलामोठा ग्रंथ, आणि १६ फेब्रुवारी १८७९ला दोघंही बोटीने मुंबईत!

मुंबईतलं त्यांचं स्वागत वाचताना मी एकटाच खोलीत हसत होतो. आर्य समाजाचे मुंबईचे अध्यक्ष हरिश्चंद्र चिंतामण यांनी त्यांना बोलावलं होतं. ऑलकॉटसाहेबांनी उतरल्याउतरल्या भारतभूमीचं चुंबन वगैरे घेतलं. मोठा सत्कार झाला. आणि थोड्याच दिवसांत यजमानांनी बिल हातात ठेवलं. घरभाडं, जेवणखाण, घराची डागडुजी, सत्काराला आणलेल्या तीनशे खुर्च्यांचं भाडं, आणि वर ‘लवकर या’ म्हणून अमेरिकेला केलेल्या तारेचा खर्चसुद्धा! आध्यात्मिक भारताच्या शोधात आलेल्या माणसाला याहून चांगलं इंडक्शन ट्रेनिंग मिळू शकलं नसतं. मग दोघांनी गिरगाव बॅक रोडवर आपलं बिऱ्हाड थाटलं. ‘द थिऑसॉफिस्ट’ हे मासिक ऑक्टोबर १८७९मध्ये तिथूनच सुरू झालं. पुढे ब्रीच कँडीला ‘क्रोज नेस्ट’ नावाच्या बंगल्यात मुक्काम हलला, आणि १८८२च्या डिसेंबरात मद्रासजवळ अड्यारला.

आता चरित्रांकडे वळू.

पहिलं ए. पी. सिनेटचं, १८८६चं. हा अलाहाबादच्या ‘पायोनियर’चा संपादक आणि बाईंचा भक्त. बाई हयात असताना, बरंचसं त्यांनी नि त्यांच्या बहिणीने पुरवलेल्या माहितीवरून लिहिलेलं. म्हणजे रेझ्युमे उमेदवाराने स्वतःच भरून दिल्यासारखा. दुसरं ऑलकॉटचं ‘ओल्ड डायरी लीव्ह्ज’, सहा खंड. ते तसं चरित्र नव्हे, आठवणी आहेत, पण त्याच्याशिवाय कुणाचं पान हलत नाही. मॅरियन मीडचं १९८०चं चरित्र बाईकडे एक बाई म्हणून बघतं: हुशार, बेबंद, त्या काळात स्वतःसाठी जागाच नसलेली. तिने चमत्कारांवर फारसा विश्वास ठेवलेला नाही. १९९३ साली दोन आली. सिल्व्हिया क्रॅन्स्टनचं जाडजूड, प्रत्येक आरोपाला उत्तर देणारं, भक्तिभावाने भरलेलं. आणि पीटर वॉशिंग्टनचं ‘मादाम ब्लॅव्हॅट्स्कीज बबून’, ज्यात पानापानाला एक टोमणा. (शीर्षकातलं ते माकड खरंच होतं. बाईंच्या न्यूयॉर्कच्या घरात पेंढा भरलेलं बबून असायचं, चष्मा लावलेलं, काखोटीला डार्विनवरच्या व्याख्यानाचे कागद.) शेवटचं गॅरी लॅकमनचं, २०१२चं. हा एके काळी ‘ब्लाँडी’ या बँडमध्ये बेस गिटार वाजवायचा, आणि खरं सांगायचं तर या सगळ्यांत वाचायला सगळ्यात सोपं त्याचंच आहे. एखादंच वाचायचं असेल तर ते वाचा.

एकच बाई, तीच वर्षं, तीच घरं, तीच पत्रं. आणि सहा पुस्तकं वाचून सहा वेगळ्या बायका डोळ्यांसमोर येतात. पहिल्या दोन पुस्तकांनंतर मी चिडलो होतो. कोण खोटं बोलतंय ते एकदा सांगा ना! मग मी एक धंदा केला. वहीत रकाने पाडले आणि प्रत्येक घटनेसमोर कोण काय म्हणतो ते लिहीत गेलो. आमच्याकडे दोन व्हर्जनमधला डिफ काढतात तसं. आणि मग मजा यायला लागली.

छोटं उदाहरण देतो. १८७९च्या एप्रिलमध्ये ही मंडळी माथेरान-खंडाळा-कार्ले अशी सहलीला गेली. आपण पावसाळ्यात जातो तशीच. ऑलकॉटच्या आठवणींत ही सहल ठीकठाक माणसासारखी येते. बाईंनी मात्र त्याच प्रवासांवर रशियन वर्तमानपत्रासाठी लेखमाला लिहिली, ती नंतर इंग्रजीत ‘फ्रॉम द केव्ह्ज अँड जंगल्स ऑफ हिंदोस्तान’ म्हणून निघाली. त्यात गुलाबसिंग नावाचा एक अवाढव्य, गूढ, सगळं जाणणारा राजपूत ठाकूर बरोबर फिरतो, आणि प्रत्येक लेण्यामागे एक रहस्य दडलेलं असतं. ऑलकॉटनेच पुढे कबूल केलं की या पुस्तकात खऱ्याचा धागा थोडा आणि कल्पनेचं भरतकाम फार. मी कार्ल्याला तीन वेळा गेलोय. एकवीरेच्या पायऱ्यांवर लिंबू सरबतापलीकडे काही गूढ सापडलं नाही. पण बाईंचं पुस्तक वाचल्यावर चौथ्यांदा जावंसं वाटलं, हेही खरं. म्हणजे बाई लेखिका होती, आणि चांगली होती. भक्त चरित्रकारांना हे म्हणायला जड जातं, कारण लेखिका म्हटलं की गुलाबसिंग पात्र ठरतो. आणि गुलाबसिंग पात्र ठरला की मग ‘महात्मे’ कोण?

महात्मे म्हणजे मोरया आणि कूट हूमी. हिमालयापलीकडे राहणारे हे दोन गुरू सिनेट आणि ह्यूम (हो, काँग्रेसवाला ए. ओ. ह्यूम) यांना पत्रं पाठवायचे. १८८० ते १८८५च्या दरम्यान शंभरावर पत्रं आली, कधी छतातून पडून, कधी उशीखाली. ती आज ब्रिटिश लायब्ररीत जपून ठेवलेली आहेत. या पत्रांची एक भानगड मला फार आवडते. सिनेटने आपल्या पुस्तकात कूट हूमीचं एक पत्र छापलं. ते वाचून हेन्री किडल नावाच्या अमेरिकन गृहस्थांनी १८८३ साली लंडनच्या ‘लाइट’ या साप्ताहिकात तक्रार केली की अहो, हा मजकूर तर माझ्याच भाषणातला आहे, मी १८८० साली केलेल्या! यावर महात्म्यांचा खुलासा आला. पत्र सांगताना ते अठ्ठेचाळीस तास घोड्यावर होते, अर्धवट झोपेत होते, आणि उतरवून घेणाऱ्या तरुण शिष्याकडून गडबड झाली. डेडलाइनच्या आदल्या रात्री ज्युनियरवर बिल फाडणारे मॅनेजर मी पाहिलेत, पण हिमालयातसुद्धा तीच पद्धत असेल असं वाटलं नव्हतं :-)

तर माझं मत विचाराल तर मी संशयवाद्यांच्या बाजूला आहे. पत्रं बाईंनी (आणि कुणाकुणाच्या मदतीने) लिहिली असावीत असं मला वाटतं. पण मग ज्याने हे सिद्ध केलं म्हणतात त्या माणसाचं काम मी वाचायला घेतलं आणि तिथेही पाय घसरले.

तो माणूस म्हणजे रिचर्ड हॉजसन. मूळचा ऑस्ट्रेलियन, केंब्रिजला शिकलेला. अड्यारला बाईंकडे घर सांभाळायला एमा कूलाँ आणि तिचा सुतारकाम जाणणारा नवरा अलेक्सी हे जोडपं होतं. १८८४मध्ये बाई युरोपात असताना त्यांना हाकललं गेलं. त्यांनी बाईंची म्हणून काही पत्रं मद्रासच्या मिशनऱ्यांच्या मासिकाला दिली, ज्यांत चमत्कार कसे घडवायचे याच्या सूचना होत्या. हलकल्लोळ झाला. लंडनच्या ‘सोसायटी फॉर सायकिकल रिसर्च’ने चौकशीला हॉजसनला धाडलं. तो १८८४च्या डिसेंबरात आला, तीनेक महिने राहिला, आणि १८८५च्या अखेरीस छापलेल्या अहवालात बाईंना इतिहासातल्या सगळ्यात पटाईत ठगांपैकी एक ठरवून मोकळा झाला.

आता यातला तपशील बघा. पत्रं ज्या कपाटातून प्रकट व्हायची ते ‘श्राइन’ हॉजसनने पाहिलंच नाही. तो पोचायच्या आधीच ते सोसायटीच्या लोकांनी जाळून टाकलं होतं! ही गोष्ट कुणाच्या बाजूने जाते? दोष नव्हता तर जाळलं कशाला? पण मागच्या भिंतीतलं भोक नि सरकत्या फळ्या बाई गेल्यावर कूलाँने मुद्दाम केल्या असं सोसायटीचं म्हणणं होतं, तेही कपाटाशिवाय कसं तपासणार? हस्ताक्षर तज्ज्ञांनी आधी सांगितलं की पत्रं बाईंच्या हातची नाहीत. हॉजसनने आणखी नमुने दाखवल्यावर त्यांनी मत फिरवलं. कूलाँबाईंकडची मूळ पत्रं पुढे नाहीशीच झाली. आणि एवढा खटाटोप बाईंनी का केला याचं हॉजसनचं उत्तर काय, तर त्या रशियाच्या हेर! ब्रिटिश सरकारने मुंबईत नि सिमल्यात त्यांच्यावर पाळत ठेवलीच होती. हाती काही लागलं नव्हतं.

१९८६ साली त्याच सोसायटीच्या नियतकालिकात व्हर्नन हॅरिसन नावाच्या माणसाने या अहवालाची चिरफाड केली. हा नोटा छापणाऱ्या ‘द ला रू’मध्ये संशोधन विभागात काम केलेला, बनावट कागद ओळखण्यात मुरलेला माणूस. त्याचा निष्कर्ष असा की हॉजसनने आधी निकाल ठरवला आणि मग पुरावे वेचले. भक्तांनी अर्थातच हे ‘बाई निर्दोष सुटल्या’ असं वाचलं. तसं नाहीये हो. टेस्ट रिपोर्ट चुकीचा लिहिला म्हणजे प्रोग्रॅममध्ये बग नाहीत असं होत नाही. पण ज्यांनी शंभर वर्षं हॉजसनचं एक वाक्य चिकटवून विषय संपवला, त्यांनाही हे लागू आहेच.

आणि सगळ्यात कहर म्हणजे हाच हॉजसन नंतर अमेरिकेत गेला, बॉस्टनच्या लिओनोरा पायपर नावाच्या माध्यमबाईंचा वर्षानुवर्षं अभ्यास केला, आणि मेल्यावर आत्मे उरतात या मताचा झाला. ठगाला पकडणारा डोळा जन्मभर पुरत नाही बहुतेक. उलट बाजूने ऑलकॉट बघा. वकील, कर्नल, लष्करातले आर्थिक घोटाळे खणून काढणारा, लिंकनच्या खुनाच्या तपासात काम केलेला. ऑडिटरचा मेंदू. आणि तो गिरगावात राहून छतातून पत्रं पडताना बघत होता आणि डायरीत तारीख-वार लिहून ठेवत होता.

के. पॉल जॉन्सनचं १९९४चं पुस्तक या भांडणात तिसरी वाट काढतं. ते चरित्र नाही म्हणून वरच्या यादीत घेतलं नव्हतं. त्याचं म्हणणं, महात्मे म्हणजे थापाही नाहीत आणि सिद्धपुरुषही नाहीत. ती खऱ्या, हाडामांसाच्या माणसांची टोपणनावं. मोरया म्हणजे काश्मीरचे महाराज रणबीरसिंग, कूट हूमी म्हणजे पंजाबचे ठाकरसिंग संधानवालिया वगैरे. राजकारणात गुंतलेल्या माणसांना लपवण्यासाठी गूढतेचा बुरखा. सगळं पटत नाही, बरेच सांधे ओढूनताणून जुळवलेत. पण एक प्रसंग वाचताना मी थबकलो, आणि तो बाईंचा नाहीच. तो दामोदरचा आहे.

दामोदर केशव मावळणकर. जन्म १८५७, अहमदाबादला, मराठी कऱ्हाडे ब्राह्मण घरात. खाऊनपिऊन सुखी, इंग्रजी शिकलेला. ‘आयसिस अनव्हेल्ड’ वाचलं आणि बावीसाव्या वर्षी, ऑगस्ट १८७९मध्ये, गिरगावात सोसायटीत दाखल झाला. ऑलकॉटने त्याचं पहिलं दर्शन असं टिपलंय: पावसाळ्यातली रात्र, अंगात रबराचा रेनकोट, हातात कंदील, अंगाने काडी, आणि लांब नाकाच्या टोकावरून टपटप पाणी गळतंय. सगळ्या सहा खंडांत मला सगळ्यात खरं वाटलेलं चित्र हेच. गिरगावातला जुलै-ऑगस्ट ज्याने पाहिलाय त्याला ते लगेच दिसेल.

लहानपणी जिवावरच्या दुखण्यात त्याला एक तेजस्वी पुरुष दिसला होता. पुढे कूट हूमीचं चित्र पाहिल्यावर तो म्हणाला, हेच ते. मग जात सोडली आणि १८८० साली मासिकात जातींवर लेखही लिहिला. १८८० साली मराठी ब्राह्मणाच्या पोराने हे करणं म्हणजे काय, याची कल्पना करून बघा. वडील आधी स्वतः सोसायटीत आले होते, पण पोरगा हाताबाहेर जातोय म्हटल्यावर राजीनामा देऊन बाहेर पडले. वाटणीची इस्टेट त्याने सोडली. लहानपणी लग्न ठरवून दिलेली बायको होती. तिचं घरच्यांनी बघावं अशी व्यवस्था केली आणि हा संन्याशासारखा राहायला लागला. बायकोला बहुतेक सगळे चरित्रकार एक-दोन वाक्यांत उरकतात. भक्तांना तिचा त्याग आड येतो आणि टीकाकारांना ती पुरावा म्हणून उपयोगाची नसते. मासिकाचं सगळं काम, वर्गणीदार, हिशेब, पत्रव्यवहार, रात्र-रात्र जागून हा एकटा करायचा. बिनपगारी. प्रकृती तोळामासा.

नोव्हेंबर १८८३मध्ये ऑलकॉटबरोबर तो जम्मूला गेला. रणबीरसिंगांचाच पाहुणचार होता. तिथून दामोदर दोन-तीन दिवस गायब झाला. परत आला तो ऑलकॉटच्या शब्दांत सांगायचं तर बदललेला, ताठ, धीट झालेला. म्हणाला, गुरूंच्या आश्रमात जाऊन आलो. क्रॅन्स्टनच्या गोटातले म्हणतात, गेला असणारच. वॉशिंग्टनच्या गोटातले भुवया उंचावतात. जॉन्सन म्हणतो, बघा, जम्मू! पण त्या दोन-तीन दिवसांत या सव्वीस वर्षांच्या मुलाला काय झालं असेल, त्याला कोण भेटलं असेल, कोण बोललं असेल, कशाने तो धीट झाला असेल, या प्रश्नावर कुणी थांबत नाही. प्रत्येकाला त्याच्याकडून फक्त बाईंच्या खटल्यात साक्ष हवी असते.

हॉजसनला तर तो साक्षीदार म्हणूनही नको होता. त्याने दामोदरला सरळ फसवणुकीतला साथीदार ठरवलं. शक्य आहे. काही गोष्टी त्याने पाहिल्या असतील आणि गप्प बसला असेल. मोठ्या सत्यासाठी छोटी थाप चालते असं मानणारी पोरं प्रत्येक चळवळीत असतात, आणि स्टार्टअपमध्येही असतात. पण जो माणूस निव्वळ ठग असतो तो त्यानंतर जे दामोदरने केलं ते करत नाही.

२३ फेब्रुवारी १८८५ला, म्हणजे हॉजसन भारतात असतानाच, दामोदर अड्यारहून निघाला. कलकत्ता, बनारस, दार्जिलिंग. एप्रिलच्या मध्यावर दार्जिलिंगहून सिक्कीममध्ये शिरला. रोजच्या मुक्कामाची चार ओळींची डायरी लिहीत होता. मग जड सामान नि डायरी हमालांबरोबर परत पाठवली आणि अगदी थोड्या गोष्टी घेऊन पुढे तिबेटच्या दिशेने गेला. २३ एप्रिल १८८५. त्यानंतर दामोदरची खात्रीची बातमी नाही. पुढे बर्फात गोठलेलं प्रेत सापडल्याच्या बातम्या आल्या. सोसायटीत मानलं गेलं की ती माया, तो गुरूंपाशी पोचला. ऑलकॉट कित्येक वर्षं त्याच्या परतण्याची आशा बाळगून होता.

वय सत्तावीस.

आणि हॉजसन भारतात आला तेव्हा एकोणतीस! म्हणजे एका बाजूला सत्तावीस वर्षांचा पोरगा सगळं सोडून डोंगरात चाललाय, दुसऱ्या बाजूला एकोणतीस वर्षांचा पोरगा नोंदी घेतोय की हे सगळं खोटं आहे. दोघंही स्वतःच्या बाजूने शंभर टक्के प्रामाणिक. मी अठ्ठावीस, बरोबर मधला.

आता ते कारण सांगतो. कॉलेजपासूनचा माझा रूममेट, एकाच दिवशी दोघांची कॅम्पस प्लेसमेंट, हिंजवडीत एकाच पीजीत चार वर्षं. गेल्या वर्षी त्याने ऑनसाइटची संधी नाकारली, राजीनामा टाकला, आणि उत्तरेत डोंगरात एका गुरुजींच्या आश्रमात जाऊन राहिला. तिथे वेबसाइट, हिशेब, देणग्यांचं सॉफ्टवेअर सगळं हा सांभाळतो. बिनपगारी, अर्थातच. त्याच्या आईचा मला दर पंधरा दिवसांनी फोन येतो. "तू बोल ना रे त्याच्याशी, तुझं ऐकतो तो." मी बोललो. म्हणजे भांडलो. त्याला त्या गुरुजींबद्दलच्या बातम्यांच्या लिंका पाठवल्या, एकेक चमत्काराची वासलात लावली. अगदी हॉजसन. त्याने शांतपणे उत्तर दिलं, "तुला काय वाटतं, मी हे वाचलं नसेल?" आणि महिनाभर फोन उचलला नाही.

या भांडणासाठी दारूगोळा म्हणून मी ब्लॅव्हॅट्स्कीबाई वाचायला घेतल्या होत्या. हा सगळा प्रकार जुनाच आहे, आधीही उघडा पडलाय, हे त्याला सप्रमाण दाखवायचं होतं. प्रमाण भरपूर मिळालं. पण वहीतले रकाने भरता भरता कळत गेलं की ज्या प्रश्नाचं उत्तर मी त्याला पाठवत होतो तो त्याचा प्रश्नच नव्हता. बाई खऱ्या की खोट्या हे ठरवायला दामोदर गेला नव्हता. मग कशासाठी गेला होता? एकाही चरित्रकाराने धड सांगितलेलं नाही. १९६५ साली स्वेन ईकने दामोदरचे लेख, पत्रं, आठवणी गोळा करून जाडजूड पुस्तक केलं. कामाचं आहे, पण ते सोसायटीच्या माणसाचं. बायको, वडील, अहमदाबादचं घर या बाजूने कुणीतरी मराठीत लिहायला हवं असं मला फार वाटतं. गुप्तविद्यावाल्या लोकांची चरित्रं निघत राहतात, कारण त्यांचं आयुष्य मसालेदार असतं. त्यांच्या घरात रात्री अकराला वर्गणीदारांच्या पावत्या फाडत बसलेल्या पोरांची मात्र निघत नाहीत. आणि मला वाटतं, गुरूची खरी किंमत समजायची असेल तर चाचणी तिथेच लागते. कपाटाच्या मागच्या फळीत ती सापडत नाही.

गेल्या आठवड्यात त्याचा फोन आला. आपणहून. मी या वेळी गुरुजींचं नाव काढलं नाही. त्याला दामोदरची गोष्ट सांगितली, रेनकोट आणि नाकावरून गळणाऱ्या पाण्यासकट. सगळी ऐकून घेतली आणि म्हणाला, "सामान परत का पाठवलं त्याने? त्यात गरम कपडे असतील ना?" मी म्हटलं असणार. थोडा वेळ कुणीच बोललं नाही. मग तिथल्या थंडीबद्दल बोलला, पहाटे पाणी कसं गोठतं, आणि त्याचे मोजे कसे फाटलेत. पहिल्यांदाच काहीतरी तक्रार केली असेल त्याने.

शनिवारी लक्ष्मी रोडला जाऊन लोकरीचे चार जोड घेतले. त्याच्या आईने बेसनाचे लाडू दिलेत. कुरियरवाला म्हणतो तिकडे डोंगरात दहा दिवस लागतील, लाडू टिकतील का ते तुमचं तुम्ही बघा.